लेकीच्या घरचं पाणी

धुडकू आबांना एकदा नावेत बसून तापी ओलांडायची होती. त्यांच्या गावच्या घाटावरून, आणि तीही लाकडी नावेतून. ज्याच्या हातून कोवळ्या वयापासून नावा घडल्या, त्या माणसाने एवढंच मागावं आणि तेही त्याला मिळू नये, याचा मला फार राग यायचा. मला राग लवकर येतो. मेहरूणच्या शाळेत इतकी वर्षं गणित शिकवल्यावर दुसरं काय होणार?

आता आबा नाहीत. गेल्या थंडीत सुरतेला, मुलाच्या घरी वारले. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी केलेला सागवानी पाट आहे. पाहुणे आले की त्यावर बसतात, मी मात्र बसत नाही. तो रिकामा असला की मला बरं वाटतं आणि रिकामा दिसला की वाईटही वाटतं. हे गणितात बसत नाही, पण आहे ते असं आहे.

मेहरूण तलावाच्या कडेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका लाकूड व्यापारी शेठजींचं जुनं गोदाम होतं. वखार गावाबाहेर गेल्यावर ते ओस पडलं. शेठजींच्या सुनेच्या डोक्यातून कल्पना निघाली, की दहावीत गळालेली, दिवसभर तलावाच्या कठड्यावर बसून मोबाइल खेळणारी पोरं आहेत, त्यांना इथे लाकडी नावा बांधायला शिकवावं. गावात सगळे हसले. जळगावात नावा? इथे लोक केळीचे घड बघून दिवस काढतात, नावा कशाला? मीही हसले होते. पण त्या बाई मागे हटल्या नाहीत. गोदामाला रंग दिला, दारावर ‘नावघर’ अशी पाटी लावली आणि नाव बांधणारा माणूस शोधायला निघाल्या. मला त्यांनी संध्याकाळी पोरांचं गणित घ्यायला बोलावलं. तिथेच मला आबा भेटले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हे कुणी निवृत्त तलाठी असावेत. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, पांढरं धोतर, वर टोपी, पांढऱ्या मिशा विंचरलेल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे एकात एक अडकवलेले. सुताराच्या अंगावर भुसा नको? यांच्या अंगावर कणसुद्धा नसायचा. खिशात एक छोटा कंगवा होता आणि तो काही डोक्यासाठी नव्हता. बोलता बोलता मागे वळून मिशीवरून एकदा फिरवायचे आणि मग गंभीर चेहऱ्याने पुढे बोलायचे. आपण देखणे आहोत याबद्दल त्यांना स्वतःला तरी शंका नव्हती.

आबांचं घराणं नावाड्यांचं. गाव अमळनेरच्या बाजूला, तापीकाठी. वडील नाव चालवायचे आणि आजोबा नावा बांधायचे. पूल झाला, नावा काठावर वाळल्या, लोकांनी त्या चुलीत घातल्या. मग आबा धुळ्याला बसगाड्यांच्या बॉडी बांधायच्या कामाला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको वारली, मुलगा सुरतेला, आणि हे गावात एकटे. शेठजींच्या सूनबाई त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा आबांनी एकच अट घातली होती. मी सांगेन, दाखवेन, ओरडेन, पण पोरांच्या नावेला हात लावणार नाही. त्यांना वाटलं, म्हातारा कामचुकार दिसतो. पण दुसरं कुणी मिळत नव्हतं.

आणि खरोखर ते हात लावत नसत. शिकवणं सगळं तोंडाने, डोळ्यांनी आणि हनुवटीने. ‘इकडून’ म्हणायचं असलं की हनुवटी डावीकडे, ‘थांब’ म्हणायचं असलं की वर. रंधा कसा धरायचा, पटाशी कशी चालवायची हे करून दाखवायची वेळ आली की नावेचं लाकूड बाजूला ठेवायचे, रद्दीतली फळी मागवायचे आणि तिचा पाट करायचे. हा पाट करताना मात्र हात असे चालायचे की पोरं मोबाइल विसरायची. पाट झाला की हात पुन्हा पाठीमागे. शिकवणं वाढलं तसे पाट वाढले. त्या वर्षी आमच्या गल्लीत पाटांचा सुकाळ झाला. वास्तुशांत असो की बारसं, आबांकडून पाट ठरलेला. शेवटी लोक नको म्हणायला लागले.

“डोया पुढे, हात मांगे,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. आजोबांनी त्यांना असंच शिकवलं होतं. नवीन पोराने आधी बघायचं, सांगितल्याशिवाय हात पुढे आणायचा नाही. ती सवय अंगातच मुरली. देवळात, बाजारात, लग्नाच्या मांडवात, आबा कुठेही उभे असले तरी हात मागेच.

पोरांना ते नावाने हाक मारत नसत. सगळ्या मुलांना ‘पोरीना बाप’ आणि मुलींना ‘पोरीनी माय’. नुकती मिसरूड फुटलेला भूषण सकाळी आला की आबा दारातच विचारायचे, “काय पोरीना बाप, झोप लागनी का रातले?” आणि भूषण लाजून लाल व्हायचा. हा भूषण दोनदा दहावीला नापास झालेला. वडिलांचं पंक्चरचं दुकान. पोरगा बोलायला कमी आणि हात उगारायला जास्त. त्याच्याबरोबर नाझनीन होती. तिला शाळेतून काढून घरी बसवलं होतं, तिने आईशी भांडून इथे यायची परवानगी मिळवली होती. करवत धरली की तिच्या हातातून रेघ सुटत नसे. बाकीची चारसहा पोरं येत-जात असायची. हे दोघं मात्र टिकले.

एकदा भूषण चुकीच्या खुणेवर करवत चालवत होता. मला सुतारकाम कळत नाही, पण मापं कळतात. चांगल्या सागाची फळी हातभर आखूड कापली जात होती आणि आबा शेजारी उभे राहून शांतपणे बघत होते. फळी कापून झाली, तुकडा पडला, तेव्हा भूषणच्या लक्षात आलं. त्याने करवत फेकली आणि बाहेर निघून गेला. मी आबांवर उखडले, की तुम्हाला दिसत होतं ना, मग थांबवलं का नाही?

“चुकू द्या त्याले, बाई,” आबा म्हणाले. “चूक त्यानी शे. मी ती कशी लिसू?”

त्याची चूक आपण कशी घेणार, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या आखूड फळीचा भूषणने पुढे बाक केला. चहा प्यायला आम्ही सगळे त्यावरच बसायचो. आबा त्याला ‘भूषणसेटनं सिंहासन’ म्हणायचे.

नावेला हात न लावण्याचं खरं कारण आम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळलं. बाहेर पाणी पडत होतं, काम बंद होतं, नाझनीनने घरून भजी आणली होती. भूषणने विचारलं, आबा, तुम्ही नावाड्याच्या घरातले, मग गावाकडचे लोक तुम्हाला पाण्याला भितो म्हणून का हसतात? कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. आबांनी आधी भजं संपवलं, मिशीवर कंगवा फिरवला आणि मग सांगितलं.

त्यांच्या घरात चाल होती, की नाव ही लेक. जो तिचं लाकूड हाताने वाकवतो, जो तिच्यात खिळा ठोकतो, तो तिचा बाप. ती पाण्यात जाते तेव्हा सासरी जाते. हळदकुंकू लावतात, ओटी भरतात, आणि बाप काठावर राहतो. “आंडेरना घरनं पानी बाप पेस का?” आबांनी विचारलं. लेकीच्या घरचं बाप पाणीही पीत नाही, तर तिच्या अंगावर बसून फिरेल कसा? आजोबा जन्मभर स्वतःच्या नावेत बसले नाहीत. आबांनी मिसरूड फुटायच्या आधी पहिला खिळा ठोकला आणि त्या दिवसापासून त्यांच्याही नावा सुटल्या. त्या घाटावरच्या सगळ्या नावा त्यांच्याच घरच्या. मग बसणार कुठे?

त्यांची सासुरवाडी नेमकी नदीच्या पलीकडच्या काठावर. लग्नाला सगळी वरात नावांतून गेली, वाजंत्री नावेत, करवली नावेत, आणि नवरदेव एकटा बैलगाडीतून, दोन कोस खाली जिथे पाणी उथळ होतं त्या उतारावरून. गाडीचं चाक वाळूत रुतलं. मुहूर्त टळला. नवरीचे मामा संतापले, जावई पाण्याला भितो म्हणून पलीकडच्या गावाने जन्मभर हसून घेतलं. आबांनी कधी खुलासा केला नाही. भितो म्हटलेलं चालेल, पण घरची रीत चव्हाट्यावर कशाला, असा त्यांचा हिशोब.

“मग बसमध्ये कसं बसत होते?” भूषणने विचारलं. “त्या पण तुम्हीच बनवल्या ना?”

“पगार लिसन करेल वस्तू आंडेर नही ऱ्हास,” आबा म्हणाले. पगार घेऊन केलेली वस्तू लेक नसते! आम्ही सगळे हसलो.

मी मात्र वाद घातला. म्हटलं, आबा, लाकूड आहे ते. लाकडाला काय कळतं बाप कोण नि लेक कोण? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी एकादशी होती आणि मी भजी खाल्ली नव्हती, हे त्यांच्या लक्षात होतं. माझ्या पोटाला कळतं का आज एकादशी आहे, असं त्यांनी मला हळूच विचारलं.  पुढच्या एकादशीला भजी खायची असं मनात ठरवलं, पण खाल्ली नाहीत.

मग ते वेणूबाईंबद्दल बोलले. वेणूबाई म्हणजे त्यांची बायको. ती माहेरी जायची तेव्हा आबा तिला घाटापर्यंत सोडायला जायचे. ती नावेत मागच्या फळीवर, काठाकडे तोंड करून बसायची, आणि आबा घाटावरच्या निंबाखाली उभे राहायचे. दर वेळी ती म्हणायची, “एक डाव मनासंगे बसा.” एकदा माझ्यासोबत बसा, एवढंच तिचं मागणं, आणि दर वेळी हे नाही म्हणायचे. नाव निघाली की ती हात करायची, पार अर्ध्या नदीपर्यंत हात करत राहायची. आणि आबा नाव पलीकडे टेकेपर्यंत निंबाखालून जागचे हलत नसत. हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. ऊन असो, वारा असो, आपण कधी हललो नाही म्हणाले.

“तिले मी तठून कसा दिसे, ते मले एक डाव देखनं शे,” ते म्हणाले.

म्हणून ते नावघरात आले होते. आता घाटावर नाव राहिली नव्हती, आणि दुसऱ्याने बांधलेली नाव त्या घाटावर कधी येणार नव्हती. पण ही पोरं एक नाव बांधतील, जिच्यात आबांचा एकही खिळा नसेल, जिचा बाप भूषण आणि माय नाझनीन. आबा तिचे कुणी नसतील. मग ते त्या नावेत पाहुण्यासारखे बसतील, तापीवर जातील आणि वेणूबाईंच्या जागेवरून निंबाकडे बघतील. त्यासाठी हात मागे.

हे कळल्यावर नावघरातली हवाच बदलली. आबा जवळ आले की पोरं हातातलं सामान लांब धरायची, चुकून त्यांचा हात लागायला नको. नाझनीन तर त्यांना नावेला टेकूही देत नसे. आबा वैतागायचे, मी काय विटाळशी आहे का म्हणायचे, पण आतून सुखावलेले दिसायचे. नाव हळूहळू उभी राहत होती. बाभळीच्या फासळ्या, सागाच्या फळ्या, सांध्यांमध्ये तेल-राळ लावून ठासलेला आपल्याच काळ्या रानातला कापूस. भूषणच्या वडिलांचं दुकान बंद असलं की तेही येऊन उभे राहायचे, पोराचे हात काय करतात ते बघायचे. कौतुक वगैरे नाही, नुसते बघायचे.

शेवटची फळी डाव्या बाजूची, नाकाजवळची. सगळ्यात जास्त वाक तिथेच. फळीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ, वरून गरम पाणी ओतणं चालू. नरम झाली की नाकाकडून दाबत न्यायची, शिकंज्यात आवळायची आणि खिळे मारायचे. भूषण नाकापाशी होता. नाझनीन शिकंजा आवळत होती. मी गणिताच्या वह्या घेऊन सिंहासनावर बसले होते, म्हणून मला सगळं दिसलं. फळी जवळजवळ बसली होती. भूषण खिळा लावायला वाकला, त्याचं तोंड फळीच्या टोकासमोर, आणि शिकंजा सटकला.

वाकवलेली फळी सुटते तेव्हा काय होतं, ते आबांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं. मला एवढंच दिसलं, की पाठीमागे अडकवलेले दोन हात पुढे आले होते. आबांनी फळी दोन्ही पंजांत धरली होती, छाती लावून दाबली होती, आणि ती भूषणच्या गालाच्या बोटभर अलीकडे थांबली होती. गोणपाटातून वाफ निघत होती. लाकूड किती तापलेलं असतं, ते त्यांचा चेहरा बघून कळलं.  आबांचा हात नावेला लागला होता, हे सगळ्यांना एकाच वेळी समजलं होतं.

आबांना अजूनही सोडता आली असती. भूषण बाजूला झाला होता. फळी मोडली असती, आणि शेठजींच्या वखारीतून दुसरी आली असती. पण त्यांनी सोडली नाही. त्यांनी ती दाबत दाबत जागेवर नेली.

“ठोक खिया,” ते भूषणला म्हणाले.

भूषण रडत होता. रडत रडतच त्याने खिळे मारले. शेवटचा खिळा बसला तेव्हा आबांनी हात काढले आणि पुन्हा पाठीमागे नेले, तसेच भाजलेले. मी ओरडले तेव्हा त्यांनी ते मला दाखवले. तळव्यांची साल गेली होती. मी थंड पाणी ओतलं, मलम लावलं, आणि लावता लावता त्यांना भरपूर बोलले. एकदा हात लागलाच होता तर फळी मोडू द्यायची, दुसरी बसवली असती, तुमचा हात त्यातून निघून गेला असता. आबा म्हणाले, पोराने त्या फळीवर आठ वेळा रंधा मारला आहे, ती मोडली असती तर तो परत आला नसता. आणि मग म्हणाले, लेक झाली ती झाली, बापाने काय नाही म्हणायचं?

तरीही भूषण आलाच नाही. आठवडा गेला. मग एका सकाळी आबा पंक्चरच्या दुकानावर जाऊन उभे राहिले, हातांना पट्ट्या, हात मागे. भूषणच्या वडिलांनी खुर्ची दिली, ती नाकारली. भूषण ट्यूब तपासत होता, मान वर करत नव्हता. आबा बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की नाव पाण्यात जायची आहे आणि मुलीची ओटी बापाशिवाय भरत नाहीत, तर दोघांपैकी एका बापाने तरी तिच्याबरोबर बसायला हवं, आणि काठावर राहायची रीत आपल्या घरापुरती, भूषणला ती लागू नाही. भूषण दुसऱ्या दिवशी आला.

नाव मेहरूण तलावात उतरली तेव्हा निम्मी गल्ली काठावर होती. शेठजींच्या सूनबाईंनी हळदकुंकू लावलं, नाझनीनच्या आईने नाकापाशी खण-नारळ ठेवला. पोरं नारिंगी जॅकेटं घालून बसली. नाव डुलली, सावरली आणि निघाली. पाण्याचा थेंब आत आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा काठावर उभे होते. मी त्यांच्या शेजारी होते. एवढी हौसेने बांधलेली नाव, आणि ज्याच्यासाठी बांधली तो इथे कोरडा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, की बाई, लेक सासरी जाताना आई रडते, तुम्ही कोण लागता? त्यांचेही डोळे भरलेले होते, पण मिशा नीट होत्या.

त्यानंतर ते थकले. गुडघे धरले, दम लागायला लागला. मुलगा प्रकाश सुरतेहून येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी नावेभोवती एक फेरी मारली आणि पाटांसाठी ठेवलेल्या रद्दी फळ्या नीट रचून ठेवायला सांगितल्या.

पुढचं सगळं भूषणच्या ताईमुळे झालं. ताई पारोळ्याला दिलेली. तिला मुलगा झाला, बारशाला सगळं घर गेलं. सोमवारी भूषण नावघरात आला तो धावतच.

“मॅडम,” तो म्हणाला, “पप्पा ताईकडे जेवले. पहिल्यांदा. आजी म्हणाली, लेकीला मूल झालं, आता तिच्या घरचं चालतं.”

मी म्हटलं, बरं झालं, मग? तो माझ्याकडे बघत राहिला. नाझनीनला आधी कळलं. तिने हातातला रंधा खाली ठेवला आणि नावेकडे वळून पाहिलं.

त्या दिवसापासून त्यांनी नावेची मापं घ्यायला सुरुवात केली. तिच्याच फासळ्यांवरून साचे, सगळं निम्म्या आकाराचं. यावेळी मी वह्या बाजूला ठेवून निम्म्याचे हिशोब करून दिले, नावघरात माझा तेवढाच हातभार. अडलं की भूषण आबांना व्हिडिओ कॉल लावायचा. आबा सुरतेच्या सोफ्यावरून हनुवटीने दाखवायचे. काय बांधताय विचारलं, की भूषण म्हणायचा, बाक. बाकाला पुढे टोक कशाला, आबा विचारायचे. शोभेला, भूषण म्हणायचा. आबा पुढे काही विचारत नसत. पण एकदा प्रकाशने मला फोनवर सांगितलं, की बाबा हल्ली रोज मिशा विंचरून कॉलची वाट बघतात.

प्रकाश आबांना घेऊन आला तेव्हा ते बरेच वाळले होते. शर्ट इस्त्रीचाच, पण आत माणूस कमी. नावघरात मोठ्या नावेशेजारी छोटी ठेवलेली होती. आबांनी तिच्याभोवती फेरी मारली, हात मागे, एकेक सांधा बघत. मग परत मोठीकडे पाहिलं. भूषणने ताईची, पप्पांची आणि बारशाच्या जेवणाची गोष्ट एका दमात सांगून टाकली. सांगून झाल्यावर तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. म्हातारा रीतीचा पक्का, नाही म्हणाला असता तर संपलंच होतं.

“नाकडोया मायवर गयात,” आबा शेवटी म्हणाले. आणि मग विचारलं, “टेम्पो कधी सांगेल शे?”

दोन दिवसांनी आम्ही तापीवर होतो. पाणी शांत होतं, कडेला शेवाळ. पलीकडे केळीच्या बागा. घाटाच्या पायऱ्या ढासळलेल्या, पण निंब होता. मोठी नाव पाण्यात सोडली, तिच्यामागे दोरीने छोटी बांधली. आबांनी चपला काठावर काढल्या. आत पाऊल टाकण्याआधी नावेच्या नाकाला हात लावून नमस्कार केला. भूषणने आणि प्रकाशने दोन्ही बाजूंनी धरलं. ते मागच्या फळीवर बसले, काठाकडे तोंड करून. थोडा वेळ नुसते बसून राहिले, फळीवरून हात फिरवत. मग नाझनीनकडे बघून म्हणाले, “पानी दे.”

तिने बाटली दिली. आबांनी टोपी सारखी केली आणि वरून धार धरून पाणी प्यायले. सावकाश, सगळी बाटली. कुणी वल्ह्याला हात लावला नाही, ते पाणी संपेपर्यंत.

मग त्यांनी भूषणला खाली उतरवलं. तो वल्ही मारणार होता, त्यानेच सगळं जुळवलं होतं, पण आबांनी त्याला निंबाखाली उभं राहायला सांगितलं. कसं उभं राहायचं, तेही सांगितलं. हात मागे, आणि नाव पलीकडे टेकेपर्यंत हलायचं नाही. भूषणला कारण विचारायची गरज पडली नाही. तो निंबाखाली जाऊन उभा राहिला. नाझनीनने आणि दुसऱ्या एका मुलाने वल्ही घेतली. मी आबांच्या शेजारी बसले.

नाव निघाली. भूषण उभा होता, आबांसारखा, हात मागे. आबा त्याच्याकडे बघत होते. घाट मागे गेला, पायऱ्या दिसेनाशा झाल्या, निंब राहिला आणि निंबाखाली तो. आबांचा उजवा हात वर गेला. त्यांनी भूषणला हात केला. एकदा, मग परत, मग करतच राहिले. अर्ध्या नदीपर्यंत हात करत राहिले. भूषण हलला नाही. त्याला तसंच सांगितलं होतं.

आबांनी हात खाली घेतला.

“मी बी हात कराले पाहिजे व्हता, बाई,” ते म्हणाले.

 मी त्यांचा हात धरला. तळव्यावर जुन्या भाजल्याची कातडी गुळगुळीत लागत होती. पलीकडच्या काठाला नाव टेकली, ते उतरले, वाळूत थोडं चालले, सासुरवाडीच्या दिशेने नमस्कार केला आणि परत येऊन बसले. येताना मात्र पुढे तोंड करून बसले. भूषण अजून तसाच उभा होता.

त्याच आठवड्यात ते प्रकाशबरोबर सुरतेला गेले. आम्ही जळगाव स्टेशनवर पोचवायला गेलो होतो, भूषण, नाझनीन आणि मी. आबांना खिडकीची जागा मिळाली होती. गाडी हलली तशी मी नेहमीप्रमाणे डबा दिलाय, वेळेवर खा, असलं काहीतरी बोलत होते. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिडकीच्या गजांमधून हात बाहेर काढला आणि हलवायला लागले. फलाट संपला तरी हात बाहेर होता. लांब, रूळ वळतात तिथपर्यंत, इस्त्रीची पांढरी बाही आम्हाला दिसत होती.